घरच्या कोथिंबिरीचे बियाणे : फरक ओळखा, मग निवड करा



'पेरावे तसे उगवते' असे आपण सहज बोलून जातो. उसाच्या बाबतीत हे म्हणणे तंतोतंत खरे आहे. को ८६०३२ ची टिपरी पुरली की को ८६०३२ च उगवतो, दुसरे काही उगवत नाही. पण त्याच उसाच्या वरंब्यावर आपण आंतरपीक म्हणून कोथिंबीर टाकतो, तिला ही म्हण अर्धीच लागू पडते. एकाच थैलीतले धने, एकाच दिवशी पेरलेले, पाणी एकच. तरी एक झाड लवकर दांडा काढून फुलावर येते आणि शेजारचे अजून पालेदारच असते. एकाला खालपासून फुटवे, तर दुसरे काठीसारखे सरळ. हे असे का होते, आणि या फरकाचा आपल्याला काही फायदा करून घेता येईल का, एवढाच आजच्या पाठाचा विषय आहे.

विषय लहान दिसला तरी पैशाचा आहे. मुळशीच्या पूर्वेकडच्या गावांना पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बाजारपेठा दाराशी आहेत. शेकड्याच्या भावाने जाणारी जुडी वेळेवर गेली तर उसाच्या लागणीचा बराचसा खर्च तीच काढून देते. पण वाफा जुडी बांधण्याआधी फुलावर आला तर भाव बाजूलाच राहिला, काढणीची मजुरीही सुटत नाही. आणि हे नुकसान पुष्कळदा बियाणातून येते.

तीन पिके, तीन चाली

आपल्या शेतातली पिके वंश पुढे नेण्याच्या बाबतीत तीन निरनिराळ्या चालींनी चालतात. ही गोष्ट पक्की समजली की पुढचे सगळे सोपे आहे.

पहिली चाल उसाची. ऊस आपण डोळ्यापासून लावतो. म्हणजे नवे झाड हे जुन्या झाडाचाच तुकडा. आई-बाप एकत्र येणे नाही, म्हणून फरक नाही. को ८६०३२ या वाणाचे आई-बाप को ६२१९८ आणि कोसी ६७१ हे होत. त्यांचा संकर कोइमतूरला एकदाच झाला. १९९६ साली पाडेगाव संशोधन केंद्रामार्फत हा वाण महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला, आणि तेव्हापासून लाखो एकरांत त्याच एका रोपाचे तुकडे उभे आहेत.

दुसरी चाल भाताची आणि मेथीची. यांच्या फुलात पराग आणि स्त्रीकेसर यांची गाठ फूल मिटलेले असतानाच पडते. झाड आपल्या आपणच फळते. म्हणून पश्चिमेकडच्या आमच्या सभासदांनी आंबेमोहोराचे बी घरचे धरले तरी पिढ्यान् पिढ्या तो आंबेमोहोरच राहतो. भेसळ होते ती बहुतेक खळ्यात आणि कणगीत होते, फुलात फारशी होत नाही.

तिसरी चाल कोथिंबिरीची. तिच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यातल्या एकेका फुलात पराग आधी सुटून जातो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होते. तोवर मधमाशा आणि माश्या दुसऱ्या फुलांवरचा, दुसऱ्या झाडांवरचा पराग आणून टाकतात. काही बी झाडाच्या स्वतःच्या परागाने धरते, पण बरेचसे परक्या परागाचे असते. आपण पेरण्याआधी धने रगडून फोडतो, कारण त्या गोल दाण्याच्या दोन डाळी म्हणजे दोन स्वतंत्र बिया आहेत. त्या दोघींचा बापही निराळा असू शकतो! मग वाफ्यात दोन झाडे सारखी दिसत नाहीत याचे नवल कशाला?

फरक दोन जातींचा असतो

आता कोणी म्हणेल, 'फरक आहे ना? मग जे झाड मोठे दिसेल त्याचे बी धरले म्हणजे झाले.' तसे नाही. शेतात डोळ्यांना दिसणारा फरक दोन जातींचा असतो. एक जमिनीचा, दुसरा बियाणाचा.

जमिनीचा फरक कसा असतो ते उसावरून पाहा. दोन सभासदांनी एकाच मळ्यातले निरोगी बेणे नेले, तरी एकाचे एकरी टनेज जास्त येते आणि दुसऱ्याचे कमी. बेणे तर एकच होते. हा सगळा फरक जमीन, पाणी, खत आणि मेहनत यांचा. तो बेण्यातून पुढच्या लागणीला जात नाही. कोथिंबिरीच्या वाफ्यात उकिरड्याच्या कडेचे झाड जोमदार दिसते, दांडाजवळचे हिरवेगार दिसते, विरळ पडलेल्या जागेतले फोफावलेले दिसते. त्याचे बी धरून काय होणार? पुढच्या साली उकिरडा काही बियाबरोबर येत नाही.

डेन्मार्कमधले शास्त्रज्ञ योहानसेन यांनी १९०३ साली ही गोष्ट घेवड्यावर सिद्ध करून दाखविली. घेवडा आपल्या आपण फळणारा. एकाच झाडाच्या वंशातले मोठे दाणे एका बाजूला आणि लहान दाणे दुसऱ्या बाजूला पेरले, तर दोघांच्या पिकात दाण्याचे सरासरी वजन सारखेच आले. कारण त्या वंशात बियाणाचा फरकच उरला नव्हता. दाण्यांतला फरक होता तो सगळा परिस्थितीचा. पण अनेक वंशांची सरमिसळ असलेल्या पोत्यातून निवड केली तर निवडीचा परिणाम दिसला. धडा स्पष्ट आहे : जिथे बियाणाचा फरक आहे तिथेच निवडीला फळ येते. कोथिंबिरीत तो फरक भरपूर आहे, म्हणूनच आपण तिची गोष्ट करीत आहोत.

थोडा हिशेब

दिसणाऱ्या एकूण फरकापैकी बियाणाचा वाटा किती, याला शास्त्रात अनुवंशिकता म्हणतात. शब्द जड आहे, हिशेब सोपा आहे. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत.

समजा, एका वाफ्यातली झाडे सरासरी ४५ दिवसांनी फुलावर येतात. त्यांतली उशिरा येणारी आपण निवडली. त्यांची सरासरी ५१ दिवस. म्हणजे निवड ६ दिवसांची. बाकीची झाडे फुलण्याआधीच उपटली. पुढच्या साली या बियाचे पीक ४८ दिवसांनी फुलले, तर कमाई ३ दिवसांची. सहापैकी तीन, म्हणजे बियाणाचा वाटा निम्मा.

आता दुसरी बाजू. समजा, त्याच वाफ्यात झाडामागे सरासरी १० ग्रॅम धने निघाले, आणि आपण २० ग्रॅमवाली झाडे निवडली. पुढच्या साली सरासरी ११ ग्रॅमच आली. निवड दहाची, कमाई एकाची. म्हणजे उत्पन्नाच्या बाबतीत बियाणाचा वाटा फक्त एक दशांश.

प्रत्यक्षातही साधारण असेच घडते. फुलावर येण्याचे दिवस, दाण्याचा आकार ही लक्षणे बियाणातून चांगली उतरतात. झाडाचे एकूण उत्पन्न हे मात्र जमीन, पाणी, हवा, रोग या सगळ्यांची बेरीज असल्यामुळे त्यात बियाणाचा वाटा झाकला जातो. म्हणून पैदासकार नुसत्या उत्पन्नाकडे पाहत नाहीत. उत्पन्न ज्यांतून बनते ते भाग पाहतात : झाडावर छत्र्या किती, एका छत्रीत दाणे किती भरले, दाणा केवढा.

आणखी एक गोष्ट. वरच्या पहिल्या हिशेबात लवकर फुलणारी झाडे आपण फुलण्याआधी उपटली होती. ती तशीच राहू दिली आणि नुसते चांगल्या झाडांचे बी धरले, तर आई निवडली पण बाप निवडला नाही असे होते. मग कमाईही निम्मीच, तीनऐवजी दीड दिवसाची. उसाला बाप पाहावा लागत नाही, म्हणून ऊसवाल्या माणसाच्या हातून ही गोष्ट सहज निसटते.

उलटी निवड कशी होते

आता आपण बहुतेक ठिकाणी काय करतो ते पाहू. चांगली, पालेदार, उशिरापर्यंत कोवळी राहणारी कोथिंबीर उपटून जुड्या बांधतो आणि बाजारात पाठवतो. जी लवकर फुलावर आली, जुडीत घालण्यासारखी राहिली नाही, ती कोपऱ्यात तशीच सोडतो. 'राहू दे, बियाला होईल.' दोन-चार वर्षे हे चालले की काय होणार? लवकर फुलणाऱ्याच आया, लवकर फुलणारेच बाप. पैदासकार ज्या कामाला वर्षे घालतात तेच काम आपण न कळत करीत असतो, फक्त उलट्या दिशेने. मग म्हणायचे, 'घरचं बी बिघडलं, आता जमीनच साथ देत नाही.' जमिनीचा यात काय दोष?

दुसरा प्रकार म्हणजे किराणा दुकानातले धने आणून पेरणे. ते मसाल्यासाठी पिकविलेले असतात. कोठले, किती जुने, किती वाणांची सरमिसळ, काही सांगता येत नाही. धन्यासाठी निवडलेला वाण वेळेवर फुलून दाणा भरावा म्हणूनच निवडलेला असतो. त्याच्याकडून उन्हाळ्यात पाल्याची अपेक्षा करणे म्हणजे बैलाकडून दुधाची अपेक्षा करणे.

पाला हवा की दाणा हवा?

निवडीआधी हा प्रश्न सोडवायलाच हवा, कारण दोन्हींची लक्षणे निरनिराळी आहेत. पाल्यासाठी : पाने रुंद, मुळाजवळ भरपूर पाने, फुलायला उशीर, वास चांगला. दाण्यासाठी : फांद्या आणि छत्र्या पुष्कळ, सगळ्या छत्र्या जवळजवळ एकाच वेळी पक्व होणाऱ्या, छत्रीत पोचट दाणे कमी, भुरी रोगाचा उपद्रव कमी.

दाण्यातही एक गंमत आहे. आपल्याकडचे धने मोठे, साधारण ३ ते ६ मिलिमीटर जाडीचे, पण त्यांत सुगंधी तेल कमी. रशिया आणि युरोपकडचे धने बारीक, दीड ते तीन मिलिमीटरचे, पण तेल अधिक. म्हणजे दाणा मोठा झाला म्हणजे सगळेच साधले असे नव्हे. एका लक्षणाच्या मागे लागताना दुसरे हातचे जात नाही ना, हे पाहावे लागते. उसात टनेज आणि साखर-उतारा यांची जी ओढाताण असते तीच इथे समजा.

संशोधन केंद्रांत काय झाले

धने, मेथी, जिरे, बडीशेप, ओवा, शेपू यांना बीज-मसाल्याची पिके म्हणतात. त्यांच्यासाठी राजस्थानात अजमेरजवळ तबीजी येथे २००० साली राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. त्याआधीपासून गुजरातेतील जगुदण आणि राजस्थानातील जोबनेर येथे हे काम चालू होते. पद्धत सर्वत्र एकच : गावोगावचे बी गोळा करायचे, शेजारी शेजारी पेरायचे, फरक मोजायचा, निवडायचे, आणि अनेक ठिकाणी तपासून मगच वाण द्यायचा.

तामिळनाडू कृषी विद्यापीठाने धन्याचे को १, को २, को ३ हे वाण दिले. इथला 'को' म्हणजे आपल्या उसाचाच कोइमतूर, संस्था मात्र वेगळी. उसाचे काम १९१२ साली स्थापन झालेल्या ऊस पैदास केंद्राचे, धन्याचे काम कृषी विद्यापीठाचे. यांतला को २ पाला आणि दाणा दोन्हींसाठी चालतो. जोबनेरचा आरसीआर ४१ हा वाण खोडावर गाठी येण्याच्या रोगाला तोंड देतो.

जिऱ्याची गोष्ट उलट आहे. आपल्या देशातल्या जिऱ्यात मुळातच फरक कमी, त्यामुळे निवडीला वाव थोडा. अशा पिकात मर रोगाला टिकणारा गुजरात जिरे ४ हा वाण जगुदणला तयार झाला, म्हणून त्याचे मोल मोठे. फरक हेच पैदासीचे भांडवल. भांडवल नसेल तर धंदा कसा होणार, हे सहकारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आपण काय करायचे?

आपण काही नवा वाण काढणार नाही. पण उलटी निवड थांबवून सुलटी निवड करणे प्रत्येक सभासदाच्या हातात आहे. त्यासाठी दोन गुंठे पुरे. कृती अशी :

१) ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पूर्वहंगामी लागणीबरोबर किंवा स्वतंत्र वाफ्यात, सारख्या जमिनीचा तुकडा निवडा. बांधाची, उकिरड्याजवळची, झाडाच्या सावलीतली जागा नको. ओळींत एक फूट आणि दोन झाडांत अर्धा फूट ठेवा, म्हणजे प्रत्येक झाड वेगळे पाहता येईल. उसात ॲट्राझीन किंवा २,४-डी मारायचे असेल तर तिथे कोथिंबीर टाकू नका. ती जळून जाईल.

२) पेरतानाच थोडे जुने बी डब्यात बाजूला ठेवा. त्याचे काम पुढे आहे.

३) पाल्यासाठी बी धरायचे असेल तर जी झाडे आधी डोके वर काढतील ती कळी उमलण्याआधी उपटा. रोगट आणि किडकी झाडेही काढा. जी विकण्याजोगी असतील ती जुडीत जातील, म्हणजे नुकसान नाही, आणि बापाचीही निवड होते.

४) दोन गुंठ्यांचे, म्हणजे सुमारे २०० चौरस मीटरचे, दोरी लावून ४० चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनातून, त्याच चौकोनातल्या शेजाऱ्यांशी तुलना करून, उत्तम पाच झाडे निवडा आणि त्यांना रंगीत दोरा बांधा. सगळी निवड एकाच कसदार कोपऱ्यातून करू नका. चौकोनामुळे जमिनीचा फरक बाजूला पडतो आणि बियाणाचा फरक पुढे येतो. ही युक्ती अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या गार्डनर यांनी १९६१ साली मक्यावर मांडली. आपल्या वाफ्यांना ती अंगचीच आहे.

५) फुले असताना कीटकनाशक मारू नका. मधमाशी मेली तर दाणा भरणार नाही.

६) दाणे हिरव्याचे पिवळसर-तपकिरी होऊ लागले की खुणेची झाडे कापून सावलीत वाळवा. प्रत्येक झाडाचे सारखेच, चमचा-चमचा बी घेऊन एकत्र करा. दोनशे झाडांचे मिश्रण ठेवा. दोन-चार झाडांवर भिस्त ठेवाल तर काही पिढ्यांत जोम कमी होतो.

७) पुढच्या साली निवडलेले बी आणि डब्यातले जुने बी एकाच दिवशी, शेजारी शेजारी, निदान तीन ठिकाणी पेरा. गेल्या वर्षीच्या आठवणीशी तुलना करू नका. वर्षावर्षाची हवा निराळी. दोन्ही एका वेळी शेतात उभी असतील तेव्हाच कमाई किती झाली ते कळेल. उन्हाळी जुडीसाठी बी हवे असेल तर थोडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरून पाहा. हिवाळ्यात उशिरा फुलणारे उन्हाळ्यातही तसेच वागेल असे धरून चालू नये.

ज्यांना हौस आहे त्यांनी वीस झाडांचे बी वीस पुड्यांत वेगळे ठेवावे आणि पुढच्या साली प्रत्येक पुडीची वेगळी ओळ पेरावी. ज्या आईची सगळी ओळ चांगली, ती आई खरी. फ्रान्समधले बियाणेवाले विल्मोरिन यांनी १८५६ च्या सुमारास साखरेच्या बीटावर हेच केले. प्रत्येक कंदाचे बी वेगळे पेरून, लेकरांवरून आईची परीक्षा घेतली, आणि बीटातली साखर वाढविली. साखर कारखान्याच्या सभासदांना याहून जवळचे उदाहरण कोणते देणार?

मधमाशीला सातबारा कळत नाही

एक अडचण राहतेच. आपण लवकर फुलणारी झाडे उपटली, पण बांधापलीकडे शेजाऱ्याचा वाफा फुलून उभा आहे. मधमाशीला सातबारा कळत नाही. ती तिकडचा पराग इकडे आणणारच. बियाणाचा तुकडा दुसऱ्या फुललेल्या कोथिंबिरीपासून शे-दोनशे मीटर दूर असावा. पण आपल्या लहान लहान तुकड्यांत एकट्याला हे साधत नाही. म्हणून हे काम शिवाराने मिळून करायचे आहे. शेजारच्या पाच-सहा सभासदांनी एकच बी पेरावे, एकाने बियाणाचा तुकडा सांभाळावा, बाकीच्यांनी आपली कोथिंबीर फुलण्याआधी काढावी आणि बी सर्वांनी वाटून घ्यावे. एकट्याच्या उसावर कारखाना चालत नाही, तसे एकट्याच्या वाफ्यावर बियाणे सुधारत नाही.

कायद्याचीही आडकाठी नाही. पिकांचे वाण आणि शेतकरी हक्क संरक्षणाच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला घरचे बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी कंपनीच्या नावाच्या पिशवीसारखे शिक्का मारून विकता येत नाही. आणि कोणत्याही पिकाच्या संकरित बियाच्या उत्पन्नातून घरचे बी धरू नये. पुढच्या पिढीत ते फुटते, सारखे येत नाही.

येत्या हंगामात निदान एवढे करा : जे झाड सर्वांत आधी फुलले ते बियासाठी ठेवू नका. बाकीची कृती ज्याला जमेल त्याने जमेल तितकी करावी. दोन्ही वाफे शेजारी शेजारी उभे राहतील तेव्हा कोणते बी ठेवायचे आणि कोणते टाकायचे, हे प्रत्येकाला स्वतःच्याच शेतात ठरविता येईल.